नवशिक्याचं पहिलं वर्ष कोणाच्या खिशातून?

अमळनेरमधल्या जुन्या माणसांना विप्रो म्हटलं की आधी वनस्पती तुपाचे डबे आठवतात, मग ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण. कॉम्प्युटर फार नंतर. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हशम प्रेमजींनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन केली आणि कारखाना उभा राहिला तो आपल्या अमळनेरात. १९६६ मध्ये ते गेले. २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून परत आले आणि तेल-साबणाचा धंदा सांभाळू लागले. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली, बाजारात जागा रिकामी झाली, आणि १९८० च्या सुमारास या तेलवाल्या कंपनीने बंगळूरमध्ये कॉम्प्युटरचं काम सुरू केलं.

हा इतिहास आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो. कोणाच्या आजोबांनी किती शेअर घेतले आणि त्याचे पुढे किती झाले, यावर तर ओट्यावर रात्र निघते. मला मात्र त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. कॉम्प्युटरच्या धंद्यात ही कंपनी नवशिकी होती. पण शिकताना तिला उपाशी राहावं लागलं नाही. चुका करायला, माणसं जमवायला, वाट बघायला मागे तेल-साबणाचा चालता धंदा होता.

आज अमळनेर, पारोळा, साक्री, शिरपूर, चोपडा इथली पोरं-पोरी खोलीत लॅपटॉप घेऊन पायथन नाहीतर जावा शिकत बसलीत. कोणी बी.एस्सी. झालंय, कोणी मेकॅनिकल इंजिनियर आहे, कोणी चार वर्षं एमपीएससी देऊन थकलंय. त्यांच्या मागे कोणती तेलगिरणी आहे? खानदेशात नवशिक्याच्या पहिल्या वर्षाचा खर्च आजवर कोणी उचलला, हा खरा सवाल आहे. त्याचं उत्तर शोधायला चाळीस-पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

सुरुवात टायपिंगपासून. बसस्टँडजवळ नाहीतर कोर्टाच्या मागे एखादं टायपिंग इन्स्टिट्यूट, दहा-बारा मशिनी, अर्ध्या-एक तासाची बॅच. शासनाची परीक्षा मिनिटाला ३० शब्दांची, मग ४० ची. खर्च बापाच्या खिशातून, पण झेपेल इतका. आणि मुख्य म्हणजे रस्ता सरळ होता. रोज बसलात, बोटं चालवलीत, की आज ना उद्या स्पीड येणारच. सर्टिफिकेट हातात पडलं की क्लार्कच्या जागेला अर्ज करता यायचा.

मग २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी आलं. त्याची आता चेष्टा करतात, पण ते बरोबर नाही. मराठीत पुस्तक, मराठीत शिकवणारा माणूस आणि तालुक्याच्या गावात सेंटर, हे त्या आधी कुठे होतं? खानदेशातल्या किती शिक्षकांनी, किती गृहिणींनी माऊस पहिल्यांदा तिथेच हातात धरला! सरकारी नोकरीला ते लागायचं, म्हणून घरचे फी भरायचे. ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेली परीक्षा, ठरलेलं सर्टिफिकेट.

या दोन पिढ्यांनी आपल्या घरांना एक हिशेब शिकवला: कोर्स लावला, सर्टिफिकेट मिळालं, माणूस नोकरीला पात्र झाला. हा हिशेब टायपिंगला लागू होता, एमएस-सीआयटीला लागू होता. कोडिंगला तो लागू होत नाही. आणि हे घरात कोणी समजावून सांगितलेलं नाही.

तिसरी वाट इंजिनियरिंगची. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि त्यानंतर खानदेशातही कॉलेजं उभी राहिली. १५ ऑगस्ट १९९० ला जळगावला स्वतंत्र विद्यापीठ आलं, २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाने आहे. इथल्या पोरांना डिग्री इथे मिळू लागली. पण कोड लिहायला ती खरं तर कुठे शिकली? बहुतेक जण कंपनीत गेल्यावर शिकले.

हा भाग नीट लक्षात घ्या. नव्वदच्या दशकात आणि पुढची वीस-एक वर्षं, नवशिक्याला शिकवण्याचा खर्च कंपन्या करत होत्या. इन्फोसिसने म्हैसूरला अख्खं आवार उभारलं, तिथे नव्या पोरांना काही महिने ठेवून, पगार देऊन शिकवायचे. त्यात मेकॅनिकलवाले, सिव्हिलवालेही असायचे. विप्रोने तर १९९५ पासून बिट्स पिलानीबरोबर एक योजना चालवली. साध्या बी.एस्सी., बीसीए झालेल्यांना नोकरीवर घ्यायचं, आठवडाभर काम, सुटीच्या दिवशी अभ्यास, आणि चार वर्षांत एम.एस. पदवी. हे काही दानधर्म नव्हतं. कंपन्यांना माणसं हवी होती. पण त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: माणूस कोड शिकतो तो काही महिने अडखळून, आणि त्या महिन्यांत त्याच्या पोटाची सोय कोणाला तरी करावी लागते.

आता ते चित्र पालटलंय. २०२२ नंतर भरती आटली. ऑफर लेटर घेऊन पोरं महिनोन् महिने घरी बसली. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोनेच साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या फ्रेशर्सना साडेतीन लाखांत येता का, असं विचारलं होतं. त्यात आता कोड लिहून देणारं एआय आलं. कंपनी म्हणते, तयार होऊन या. म्हणजे जो खर्च ती करायची, तो आता पोराच्या बापाने करायचा. पुण्यात खोली, मेस, क्लासची फी, कधी त्या फीसाठी कर्ज. कापसाचा भाव पडला की पोराचा कोर्स अडतो, इतकं सरळ आहे हे.

आणि या सगळ्या खर्चात पोरगं आतून काय सोसत असतं, ते घरच्यांना दिसत नाही. माझ्या ओळखीतल्या तीन-चार जणांकडून मी एकच गोष्ट ऐकली. व्हिडिओ बघताना सगळं समजतं. सर लिहितात तसं लिहिलं की चालतंसुद्धा. मग कोरी स्क्रीन समोर येते आणि हात थांबतो. कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. एखादा कंस राहिला की एरर येते, तीही इंग्रजीत. शिवाय कॉम्प्युटर ज्या ओळीकडे बोट दाखवतो, चूक पुष्कळदा त्याच्या वरच्या ओळीत असते. तीन तास जातात. शेजारी विचारायला कोणी नाही. मग तोंडातून येतं, "माले जमत नही, भाऊ."

हे आपल्या पोरांचंच होतं असं समजू नका. २००१ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या चार विद्यापीठांनी मिळून प्रोग्रामिंग शिकलेल्या २१६ विद्यार्थ्यांना सोप्या समजल्या गेलेल्या समस्या सोडवायला दिल्या. सरासरी गुण पडले ११० पैकी २३ पेक्षाही कमी! २००७ मध्ये ६३ संस्थांच्या माहितीवरून असं दिसलं, की कोडिंगच्या पहिल्या विषयात सरासरी एक तृतीयांश विद्यार्थी पास होत नाहीत. ही परदेशातल्या चांगल्या विद्यापीठांची गत आहे, जिथे लॅब उघडी असते आणि शंका विचारायला माणूस असतो. मग साक्रीत एकट्याने शिकणारं पोरगं सहा महिन्यांत अडलं, तर त्यात त्याच्या अकलेचा काय दोष?

भाषेचीही अडचण आहे. घरात अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेत मराठी, आणि कोड इंग्रजीत. आयआयटी मुंबईच्या प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी यावर चांगला उपाय केला. त्यांच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात स्क्रीन इंग्रजीच राहते, कारण नोकरीत तीच लागणार, पण समजावणारा आवाज मराठीत मिळतो. दहा-बारा मिनिटांचे छोटे धडे, एकट्याने शिकता येतील असे, आणि फुकट. आपल्याकडे किती जणांना हे माहीत आहे? क्लासच्या जाहिराती मात्र प्रत्येक चौकात आहेत.

आता मुद्द्यावर येतो. खासगी कंपनीने हा खर्च सोडला, तर तो सार्वजनिक पैशातून व्हायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ही काही आभाळातली मागणी नाही.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी आपण हे आधीच मान्य केलंय. सारथी, बार्टी, महाज्योती तयारीच्या काळात विद्यावेतन देतात. जवळपास प्रत्येक गावात अभ्यासिका आहे. नगरसेवकापासून आमदारापर्यंत सगळे तिचं उद्‌घाटन करतात. टेबल, खुर्ची, लाईट, पंखा. पण त्याच वयाचं, तेवढीच मेहनत करणारं पोरगं कोड शिकत असेल तर त्याला यातलं काय मिळतं?

२०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये, सुरुवातीला सहा महिने. म्हणजे नवशिक्याच्या महिन्यांचे पैसे सरकार देऊ शकतं, हे तत्त्व मान्य झालं. पण त्यासाठी जवळ एखादी आस्थापना लागते, आणि धुळ्या-जळगावात सॉफ्टवेअरचं काम शिकवणाऱ्या कंपन्या आहेत किती? म्हणून मागणी नेमकी करायला हवी.

एक, अभ्यासिकेत आणि अनुदानित वाचनालयांत कोड शिकणाऱ्यांसाठी एक कोपरा. जळगावचं वल्लभदास वालजी वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय अशा जुन्या संस्थांपासून सुरुवात होऊ शकते. पाच-सहा कॉम्प्युटर आणि चांगलं इंटरनेट, संध्याकाळी तीन तास.

दोन, कॉलेजांच्या कॉम्प्युटर लॅब संध्याकाळी बाहेरच्यांनाही खुल्या करा. एरवी तिथे कुलूपच असतं.

तीन, पुणे-बंगळूरला असलेल्या खानदेशी इंजिनियर मंडळींनी आठवड्याला एक तास द्यावा. लेक्चर नको. पोरं अडली असतील तिथे फक्त शेजारी बसल्यासारखं बघायचं. तीन तासांची अडचण जाणता माणूस पाच मिनिटांत सोडवतो, आणि पोराचा त्या दिवसाचा धीर टिकतो.

चार, सरावाला आपल्याच धंद्यातले प्रश्न घ्या. रावेर-यावलच्या केळीची पावती घ्या: क्विंटलचा भाव, वजन, वजावट, वाहतूक, हातात पडणारी रक्कम. ज्याच्या घरी ही पावती येते त्याला तो हिशेब तोंडपाठ असतो. तो कोडमध्ये मांडायला लागला की कोरी स्क्रीन तेवढी कोरी राहत नाही. डाळमिलचा स्टॉक, दूध संकलनाचं रजिस्टर, सगळं इथेच पडलंय.

पालकांना एक विनंती. फी भरण्याआधी क्लासवाल्याला विचारा: शंका विचारायला माणूस किती वेळ बसतो? मागच्या बॅचच्या पोरांनी स्वतःच्या डोक्याने काय बनवलं, ते दाखवता का? शंभर टक्के प्लेसमेंटचा बोर्ड बघून कर्जाच्या कागदावर सही करू नका. आणि सहा महिने झाले तरी नोकरी नाही म्हणून पोराला टोचून बोलू नका.

सगळ्यांनाच नोकरी लागेल असं मी म्हणत नाही. काही जण शिकून बघतील आणि दुसरीकडे वळतील, त्यातही काही गैर नाही. पण आपल्याला हे जमणार नाही हे पोराने नीट शिकून ठरवावं. खोलीचं भाडं संपलं म्हणून ठरवावं लागू नये.

येत्या निवडणुकीत आपल्या प्रभागात अभ्यासिकेचं आश्वासन घेऊन कोणी आलं, तर एवढंच विचारा: भाऊ, त्यात कॉम्प्युटर किती, आणि शेजारी बसणारा माणूस कोण?

तुमच्या गावात असं काही आधीच चालू असेल तर खाली जरूर लिहा. गावाचं नाव आणि वेळ टाका, म्हणजे कोणाच्या तरी पोराला उपयोग होईल.