आकडा येतो कुठून?

मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत गिरगावलगतच्या प्रभाग २२० मध्ये मोठा पेच पडला. शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा या दोघांनाही फेरमोजणीअंती ५,९४६ मते. अखेर एका लहान मुलीच्या हातून चिठ्ठी काढली गेली आणि शहा नगरसेवक झाले. आपण याला ईश्वरचिठ्ठी म्हणतो. यात ईश्वराचा हात किती, ते ज्याने त्याने ठरवावे; पण मुलीचा हात सगळ्यांना दिसत होता, हे महत्त्वाचे.

कुणाच्याही मर्जीतला नसलेला आकडा काढणे वाटते तितके सोपे नाही. त्याचा आमच्या गिरणगावाइतका अनुभव मुंबईत दुसऱ्या कुणी घेतला नसेल. मी लालबागचा. माझ्या लहानपणी रात्रपाळीला निघालेला माणूस नाक्यावर थांबून एकच विचारी, "काय आला?" पुढचे सांगावे लागत नसे.

या खेळाचे मूळ नाव आकडा. मडक्याचा त्याच्याशी सुरुवातीला काही संबंध नव्हता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना जो भाव निघे, तो तारेने मुंबईच्या कापूस बाजारात येई आणि त्याच्या आकड्यांवर इथे पैज लागे. ज्या कापसाचे सूत आमची माणसे दिवसभर काढत, त्याच कापसाच्या परदेशातल्या भावावर संध्याकाळी त्यांचा रुपया! जुगार वाईट खराच, पण त्यातली अक्कल पाहा. समुद्रापलीकडचा भाव वरळीच्या बुकीला फिरवता येणार नव्हता. आकडा दूरचा होता, म्हणूनच भरवशाचा होता.

१९६१ मध्ये न्यूयॉर्कहून हे भाव येणे बंद झाले. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे खेळ चालू केला. शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यात घालून काढायच्या, म्हणून नाव पडले मटका. पुढे मडके जाऊन पत्ते आले. एक्क्याचा एक, दश्शीचे शून्य. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची आणि एकं स्थानचा आकडा घ्यायचा. तीन, पाच, सहा निघाले तर बेरीज चौदा, आकडा चौका. खत्रींच्या बाजारात रात्री नऊला ओपन, बाराला क्लोज. दोन्ही मिळून जोडी.

यात गणित मोठे देखणे आहे. तिन्ही पत्ते एकेकाने वाढवा (नव्वानंतर शून्य धरा), की बेरीज तीनने पुढे सरकते. चौक्यावरून निघा: चार, सात, शून्य, तीन, सहा, नऊ, दोन, पाच, आठ, एक आणि पुन्हा चार. दहाही घरे फिरून होतात, एकही सुटत नाही. म्हणजे पत्ते प्रामाणिकपणे पिसले, तर प्रत्येक आकड्याला अगदी सारखी संधी. लबाडी पत्त्यांत नव्हे, दरात होती. दहात एक शक्यता, आणि लागला तर रुपयाला नऊच. शंभरामागे दहा रुपये बुकीचे, कोणताही आकडा येवो. शिवाय पत्ते आता दूर न्यूयॉर्कला नव्हते, इथेच कुणाच्या तरी हातात होते. ज्या आकड्यावर पैसा कमी तोच उघडतो, ही कुजबुज तेव्हापासूनची.

आता संगणकाकडे वळू. संगणक म्हणजे हुकमाचा ताबेदार. सांगितले तेवढेच करणार. त्याच्याकडून बेभरवशाचा आकडा काढायचा कसा? जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९४०च्या दशकात एक युक्ती सुचवली. चार अंकी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, मधले चार अंक उचला, त्यांचा पुन्हा वर्ग करा. आकडे कसेही उड्या मारल्यासारखे दिसतात. पण दुर्दैवाने ६१०० आले, तर पुढे २१००, मग ४१००, मग ८१०० आणि परत ६१००. तिथून सुटका नाही. (अशा फेऱ्यांची गंमत आपल्या देवळालीच्या कापरेकर गुरुजींना चांगली ठाऊक होती. त्यांची ६१७४ ही संख्या याच जातीची.) १९४९ मध्ये लेहमर यांनी गुणाकार करून भागाकारातली बाकी घेण्याची पद्धत मांडली. आजच्या बऱ्याच पद्धती तिच्याच वंशातल्या, पण मूळ गोष्ट बदलली नाही. सुरुवातीला एक संख्या द्यावी लागते, तिला बीज म्हणतात. बीज तेच, तर निघणारी यादीही शेवटच्या आकड्यापर्यंत तीच. म्हणून या आकड्यांना यादृच्छिक न म्हणता छद्म-यादृच्छिक म्हणतात.

हे अवघड नाव परळच्या चाळींत फार खोल शिरले आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. जमिनीवर मॉल आणि टॉवर आले; कामगारांच्या वाट्याला घरांची सोडत आली. २८ जून २०१२ ला म्हाडाने ६,९२५ घरांची संगणकीय सोडत काढली. अर्ज दीड लाखाच्या आसपास, म्हणजे साधारण वीस-बावीस जणांत एकाला घर. तीस वर्षे थांबलेल्या माणसाचे नशीब पडद्यावर येऊन गेले. पुढच्याही सोडती अशाच निघाल्या.

म्हाडाच्या सोडतीत काही काळेबेरे झाले, असे मी म्हणत नाही. पण बीज कुणाच्या हाती, हा प्रश्न रिकामटेकडा नाही. अमेरिकेत एडी टिप्टन हा लॉटरी संघटनेचा संगणक-सुरक्षा प्रमुखच होता. वर्षातल्या ठरावीक दिवशी आकड्यांचा अंदाज बांधता यावा, अशी सोय त्याने आज्ञावलीत करून ठेवली होती. २०१० च्या एका सोडतीतले १ कोटी ६५ लाख डॉलरचे बक्षीस घ्यायला उजळ माथ्याने कुणी येईना, तेव्हा तपास लागला. २०१७ मध्ये त्याला २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. बाहेरून पाहणाऱ्याला त्याचे आकडे इतर आकड्यांसारखेच दिसत होते.

यावर उपाय आहे, आणि तो गिरणगावाला नवा नाही. आधी अर्जदारांची क्रमवार यादी आणि आज्ञावली दोन्ही जाहीर करावीत. मग सभागृहात मडके ठेवावे. शून्य ते नऊच्या चिठ्ठ्या, प्रत्येक वेळी परत टाकून, एखाद्या निवृत्त कामगाराने सगळ्यांसमोर आठ वेळा काढाव्यात. आठ अंक म्हणजे दहा कोटी वेगवेगळी बीजे. ते बीज फळ्यावर लिहावे, संगणकात घालावे आणि वर्तमानपत्रात छापावे. त्याच रात्री लालबागमधला कुणाचाही नातू तीच आज्ञावली घरच्या संगणकावर चालवून आजोबांचा क्रमांक ताडून पाहील.