घारापुरीची लाँच: सोय म्हणजे नेमकं काय?

बोटीतली सोय म्हटलं की आपल्याला गादीचं आसन, डोक्यावर सावली आणि वेळेवर सुटणारी लाँच आठवते. मुंबई बंदराचा इतिहास मात्र आपल्यापुढे वेगळीच यादी ठेवतो.

१७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. ६०० हून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईला खबर पोचायला कित्येक तास लागले.

१८ डिसेंबर २०२४. गेटवेहून घारापुरीला चाललेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ जणांचा जीव गेला. लाइफ जॅकेटची सक्ती पुन्हा आठवली ती त्यानंतर.

लेणी पाहायला येणाऱ्या पाहुण्याला हा तासाभराचा प्रवास म्हणजे सहल. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदरच्या गावकऱ्यांना मात्र पाणी हाच रस्ता. वीज त्यांच्याकडे २०१८ साली पोचली. मोठं हॉस्पिटल गाठायला आजही बोटच लागते.

म्हणून सोय मोजायची तर आपण आधी हे विचारू: बोटीत माणसं किती चढली? जॅकेटं तेवढी आहेत का? आणि शेवटची लाँच सुटून गेल्यावर आजारी माणसाला कोण नेणार? गादीचं त्यानंतर बघू.