सुरतेची दोन मैल लांब फिल्म

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि पुढे आपल्या सुरतेत आला. येथे पहिल्या दिवसाचे उत्पन्न अवघे ३ रुपये! दोन आण्यांत सहा तास नाटक पाहणाऱ्या सुरतकरांना तीन आण्यांचा तास-दीड तासाचा खेळ महागच वाटणार. लांबी वाढवा किंवा दर उतरवा, असे चालकाने सुचविले. फाळक्यांनी दोन्ही नाकारले आणि जाहिरात केली ती ५७,००० छायाचित्रांची, दोन मैल लांब फिल्मची. गल्ला ३०० रुपयांवर गेला.

आम्हां सरकारी मोजणीवाल्यांना हे दोन मैल पटत नाहीत. चित्रपट सुमारे ३,७०० फूट, म्हणजे पाऊण मैलही नाही. फुटाला १६ चौकटी धरल्यास ५७,००० मात्र जवळपास जुळतात.

एवढ्या चौकटींची काटछाट फाळके स्वतः करीत. कात्रीने कापायचे, थर खरवडायचा, सिमेंटने चिकटवायचे. सांधा चुकला तर दुरुस्तीत आणखी चौकट जाई. आज नातवंडांच्या संगणकावर ‘ट्रिम’ने कड चौकटीगणिक मागेपुढे सरकते, ‘रिपल’ने पोकळी आपोआप मिटते, आणि मूळ चित्रण अबाधित राहते. वेगाचे रहस्य आमच्या मते या अबाधितपणातच आहे. गमावण्याची भीती नसलेला हात भराभर चालतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ‘राजा हरिश्चंद्र’चे १,४७५ फूट तेवढे उरले आहेत, आणि तेही १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीचे असावेत, असे काही अभ्यासक मानतात.