सॉलिड स्टेट ड्राइव्ह आणि हरपलेल्या लेखांचा शोध

इ. स. २००३ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेस अमेरिकेचें 'कोलंबिया' हें अंतराळयान पृथ्वीवर परततांना टेक्सासच्या आकाशांत भंगलें व कर्नालच्या कल्पना चावला यांसह सात प्रवाशांचा अंत झाला. त्या दुःखद प्रसंगाच्या पाठीमागें एक लहानशी हकीकत आहे. ती इतिहासाच्या अभ्यासकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. यानांत झेनॉन वायूवर एक प्रयोग चालू होता व त्याचीं मापनें एका हार्ड डिस्कवर टिपलीं जात होतीं. ती डिस्क पुढें अवशेषांत सांपडली. तिच्या संपुटाची सांध वितळून आंत धूळ शिरली होती. तरीहि क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या कारागिरांनीं आंतील चकत्या धुतल्या, दुसऱ्या यंत्रांत बसविल्या आणि शेंकडा ९९ मजकूर वाचून काढला. प्रयोगाचा निबंध २००८ सालीं प्रसिद्धहि झाला.

या घटनेस सोळा वर्षें होऊन गेल्यावर, २०१९ च्या नोव्हेंबरांत, हुलेट पॅकर्ड एंटरप्राइझ या कंपनीनें आपल्या गिऱ्हाइकांस एक सूचना धाडली. कांहीं विशिष्ट सॉलिड स्टेट ड्राइव्ह एकूण ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षें २७० दिवस व ८ तास, चालल्या कीं बंद पडतील. मग ना ती ड्राइव्ह सुधारेल, ना तींतील माहिती परत मिळेल. आणि एकाच वेळीं बसविलेल्या ड्राइव्ह बहुधा एकदमच जातील, असा तिचा आशय होता. सोळा बिटांच्या चिन्हयुक्त खणांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७ आहे, हें ज्यास ठाऊक आहे त्यास रोगाचें मूळ कोठें असावें याचा तर्क सहज करतां येईल. एक वस्तु आकाशांतून जळत पडली तरी वाचली. दुसरी थंड खोलींत, धक्काहि न लागतां, केवळ तास भरले म्हणून मरावयाची होती. असें कां व्हावें हें समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे.

विजेचे कण कोंडून त्यांनाच अक्षर मानावयाचें, ही युक्ति १९६७ सालीं बेल प्रयोगशाळेंत दावोन कांग व सायमन झी यांनीं मांडली. चोहोंकडून विद्युत्‌रोधक थरानें वेढलेल्या एका सूक्ष्म पत्र्यावर इलेक्ट्रॉन चढविले कीं वीज तोडली तरी ते तेथेंच राहतात. १९७१ सालीं इंटेलमधील डोव्ह फ्रोमन यांनीं या तत्त्वावर चीप घडविली. पण तिच्यावरील मजकूर पुसावयास अतिनील किरण पाडावे लागत. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं मोठा भाग एका झटक्यांत पुसणारी रचना शोधून १९८४ सालीं विद्वानांपुढें ठेविली. तें पुसणें पाहून त्यांच्या एका सहकाऱ्यास कॅमेऱ्याच्या लखलखाटाची आठवण झाली व 'फ्लॅश' हें नांव रूढ झालें. स्मृतीच्या या जातीचें बारसें तिच्या विसरण्याच्या गुणावरून व्हावें, यांत आम्हांस थोडें भविष्यकथन दिसतें. १९८७ सालीं तिचा नँड हा स्वस्त प्रकार पुढें आला. शोधकाच्या पदरीं काय पडलें म्हणाल, तर २००४ सालीं त्यांस आपल्याच जुन्या कंपनीवर दावा लावावा लागला आणि २००६ सालीं ८ कोटी ७० लाख येनांवर तडजोड झाली. दरम्यान १९९१ सालीं सनडिस्क या कंपनीनें आयबीएमसाठीं २० मेगाबाइटची ड्राइव्ह तयार केली होती. या कंपनीच्या तिघां संस्थापकांपैकीं संजय मेहरोत्रा हे कानपुरांत जन्मलेले.

आतां मुख्य मुद्दा. फ्लॅशमध्यें लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहितां येत नाहीं. आधीं पुसावें लागतें, आणि पुसणें एकेका पानाचें नव्हे तर शेंकडों पानांच्या गठ्ठ्याचें होतें. शिवाय वारंवार पुसल्यानें गठ्ठा झिजतो. म्हणून ड्राइव्हमध्यें कंट्रोलर नांवाचा एक कारकून बसविलेला असतो. तो प्रत्येक नवा मजकूर नव्या जागीं टाकतो, सर्व गठ्ठ्यांवर झीज सारखी वांटतो आणि कोणतें पान कोठें गेलें याची खतावणी ठेवतो. ही खतावणी घडोघडी बदलते, आणि ती बिघडली कीं सर्व बिघडलें. २०११ सालीं इंटेलच्या ३२० मालिकेंतील कांहीं ड्राइव्ह अवचित वीज गेल्यावर आपली जागा अवघी ८ मेगाबाइट आहे असें सांगूं लागल्या, तो याच जातीचा विकार.

येथें कोणी म्हणेल, सूची गेली म्हणून दप्तर कां जावें? पुण्याच्या पेशवे दप्तराचे रुमाल सोडून गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं ४५ खंड छापले गेले, ते अशा विसकटलेल्या कागदांतूनच ना? खरें आहे; परंतु मोडीचा सुटा कागद एकटाहि बोलतो. त्यावर बहुधा मायना असतो, मिति असते, हस्ताक्षर असतें. ड्राइव्हमधील पानास यांतलें कांहीं नाहीं. एकाच पत्राचे तुकडे अनेक चिपांत विखुरलेले, प्रत्येक तुकडा मुद्दाम खिचडी करून लिहिलेला, चुका दुरुस्त करण्याचे अंक त्यांतच मिसळलेले. आणि पुष्कळ ड्राइव्हमध्यें हें सर्व कूटलिपींत.

यामुळें दुरुस्ती करणाऱ्याचा क्रमहि निराळा. तो आधीं विजेचे जळलेले भाग बदलून पाहतो, कारण तेवढ्यानें काम भागलें तर मोठेंच भाग्य. तें न साधल्यास कंट्रोलरला कारखान्याच्या अवस्थेंत आणून त्यास तात्पुरता प्रोग्राम देतो व चिपांवरील खुणांवरून खतावणी पुन्हा जुळवितो. शेवटचा उपाय चिपा तापवून उपटण्याचा व एकेक वाचण्याचा. कूटलिपीची किल्ली कंट्रोलरबरोबर जळाली असेल तर तोहि व्यर्थ होय.

पुसलेल्या लेखांची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. हार्ड डिस्कवर फाइल पुसली तरी तिच्यावर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत मजकूर तसाच राहतो, आणि याच भरंवशावर न्यायालयीन तज्ज्ञांची एक पिढी पोसली. २००९ सालच्या विंडोज ७ पासून ट्रिम ही आज्ञा सार्वत्रिक झाली. तिनें कारकुनास कळतें कीं अमुक पानें आतां निरुपयोगी आहेत, आणि तो सवडीनें तीं साफ करतो. २०१० सालीं ऑस्ट्रेलियांतील मर्डोक विद्यापीठाच्या बेल व बॉडिंग्टन यांनीं दाखविलें कीं, संगणकाची आज्ञा नसतांहि ड्राइव्ह कांहीं मिनिटांत आपला पुरावा आपणच नाहींसा करूं शकते. याच्या उलट, पुढच्याच वर्षीं सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांस असें आढळलें कीं, एखादी फाइल मुद्दाम खोडून टाकली तरी तिचा ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंत भाग चिपांत शिल्लक राहतो. एका ड्राइव्हनें तर सर्व पुसल्याचें कळवूनहि सर्व राखलें होतें! ठेवावयाचें तें जातें व घालवावयाचें तें राहतें, अशी ही स्थिति आहे. ड्राइव्हच्या मालकास तिच्या पोटांत काय आहे हें कळण्याचा मार्गच नाहीं, आणि आमच्या मतें खरी अडचण हीच. हार्ड डिस्कचें दान निदान उघड होतें.

२०१३ सालीं ओहायो राज्य विद्यापीठ व एचपी यांच्या संशोधकांनीं १५ ड्राइव्हची वीज वारंवार तोडून पाहिली. त्यांपैकीं १३ कोणत्या ना कोणत्या प्रकारें चुकल्या, आणि एकीनें सुमारें तृतीयांश मजकूर गमावला. ज्या गांवीं वीज रोज जाते तेथील ग्रंथालयानें हा आंकडा भिंतीवर लावावा.

आज आपल्याकडे अनेक घराण्यांचीं व संस्थांचीं दप्तरें छायाचित्रें घेऊन संगणकांत भरलीं जात आहेत, व मूळ कागद कसरीच्या हवालीं होत आहेत. म्हणून कपाटांत ठेवलेल्या ड्राइव्हविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू गळतात, आणि उष्णतेनें अधिक गळतात. जेडेक या संस्थेच्या २०१० च्या मानकाप्रमाणें घरगुती ड्राइव्हनें आपलें लिहिण्याचें आयुष्य संपल्यावर, वीज नसतां, ३० अंश सेल्सिअस तापमानांत एक वर्ष मजकूर राखावा. कार्यालयीन ड्राइव्हनें ४० अंशांत तीन महिने. नवी ड्राइव्ह याहून पुष्कळ अधिक टिकते, हें खरें. पण जुनी म्हणून बाजूस काढलेली ड्राइव्हच बहुधा कपाटांत जाते, आणि नागपुरास वैशाखांत दुपारचा पारा ४५ पर्यंत चढतो.