वय झालं म्हणून साक्ष खोटी ठरत नाही

स्वभाव मोजणाऱ्या प्रश्नावल्यांबद्दल एक समजूत पक्की रुजली आहे. माणूस सत्तरीपलीकडे गेला की तो स्वतःविषयी सांगतो त्यावर फारसं विसंबू नये, त्यापेक्षा मुलाला किंवा सुनेला विचारावं, अशी ती समजूत. तिच्या बाजूने तीन कारणं दिली जातात आणि ती दुबळी नाहीत. पहिलं असं की स्वभाव सांगायचा तर आपण कधी कसे वागलो ते आठवावं लागतं आणि वयाबरोबर आठवणच विरत जाते. दुसरं, म्हातारपणी माणूस स्वतःची तरुणपणची प्रतिमा उराशी धरून बसतो, म्हणून त्याची उत्तरं शिळी असतात. तिसरं, वयस्क माणसं स्वतःला चांगलं दाखवतात आणि समोर आलेल्या विधानाला चटकन होकार देतात.

हा झाला पूर्वपक्ष. यातली पहिली दोन कारणं पुराव्यापुढे टिकत नाहीत. तिसऱ्यात तथ्य आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

आधी स्मरणशक्तीचा मुद्दा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्टॅनली क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये डी. बी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या 78 वर्षांच्या एका गृहस्थांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयक्रिया बंद पडल्यानंतर मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने त्यांना आपल्या आयुष्यातला एकही प्रसंग आठवत नव्हता. तरी स्वतःच्या स्वभावगुणांबद्दल त्यांनी वेगवेगळ्या वेळी दिलेली उत्तरं एकमेकांशी जुळली आणि त्यांच्या मुलीने केलेल्या वर्णनाशीही जुळली. मुलीचा स्वभाव मात्र त्यांना तसा सांगता आला नाही. यावरून दिसतं की ‘मी कसा आहे’ हे ज्ञान प्रसंगांच्या आठवणींहून वेगळं साठवलेलं असतं. कालचं जेवण न आठवणारा माणूस आपण तापट आहोत की शांत, हे नीट सांगू शकतो.

आता शिळ्या प्रतिमेचा आक्षेप. ब्रेंट रॉबर्ट्स आणि वेंडी डेलव्हेकियो यांनी 2000 साली 152 दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले. व्यक्तिव्यक्तींमधला स्वभावाचा क्रम किती टिकतो, हे दाखवणारा सहसंबंध बालपणी 0.31, तिशीत 0.64 आणि पन्नास ते सत्तर या वयात 0.74 भरला. आक्षेपक म्हणतील की टिकून आहे ती स्वतःची समजूत, स्वभाव नव्हे. तसं असतं तर बाहेरून पाहणाऱ्याला बदल दिसायला हवा होता. पॉल कोस्टा आणि रॉबर्ट मॅक्रे यांनी 1988 मध्ये हेच पडताळलं. बाल्टिमोरच्या वार्धक्य-अभ्यासातल्या मंडळींची स्वतःची उत्तरं आणि त्यांच्या जोडीदारांनी केलेलं मूल्यमापन त्यांनी सहा वर्षांच्या अंतराने ताडून पाहिलं. जोडीदारांच्या नजरेतही स्वभाव जवळजवळ तितकाच स्थिर होता.

स्कॉटलंडचा एक अभ्यास इथे हमखास पुढे केला जातो. 1950 मध्ये शिक्षकांनी चौदा वर्षांच्या 1,208 मुलामुलींचे सहा गुण नोंदवले होते. 2012 मध्ये त्यांपैकी 174 जणांनी स्वतःचं मूल्यमापन केलं आणि त्यांना चांगलं ओळखणाऱ्या कुणाकडून तरी करूनही घेतलं. सुमारे 63 वर्षांत कुठलाच गुण टिकला नाही, ही बातमी जगभर गाजली. पण इथे पहिलं माप शिक्षकाचं होतं आणि दुसरं स्वतःचं व परिचिताचं. त्याच संशोधकांनी मूल्यमापन करणाऱ्यांमधला हा फरक हिशेबात धरला तेव्हा मनोवृत्तीची स्थिरता हा गुण टिकलेला आढळला. या अभ्यासावरून वृद्धांची उत्तरं चुकतात असं सिद्ध होत नाही.

तिसरा आक्षेप स्वतःला चांगलं दाखवण्याचा. ही प्रवृत्ती मोजणाऱ्या चाचण्यांत वयस्कांचे गुण जास्त येतात, हे खरं. पण मॅक्रे आणि कोस्टा यांनी 1983 मध्ये दाखवलं की अशा गुणांच्या आधारे उत्तरं ‘दुरुस्त’ केली की जोडीदाराच्या मूल्यमापनाशी असलेला त्यांचा मेळ वाढत नाही, उलट घटतो. ढोंग म्हणून जे वजा केलं, त्यात खरा स्वभावच होता. वयाबरोबर माणसं सरासरीने अधिक समजूतदार आणि काटेकोर होतात, तेव्हा तसं सांगणं खोटं कसं ठरेल? सहज होकार देण्याची सवय मात्र खरी आहे आणि कमी शिक्षण झालेल्यांत ती अधिक दिसते. तिच्यावर उपाय माहीत आहे: एकाच गुणाबद्दल निम्मी विधानं सुलट आणि निम्मी उलट ठेवायची. पर्यायांची लांबलचक यादी वाचून दाखवली तर वयस्कांना शेवटचेच पर्याय लक्षात राहतात. मग यादी छापून हातात द्यावी. हे काम प्रश्नावली रचणाऱ्याचं आहे.

आता मंडन. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅथलिक जोगिणी, धर्मगुरू आणि ब्रदर अशा 997 जणांना प्रश्नावली दिली. त्यांचं सरासरी वय सुमारे 75 होतं आणि कुणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. बारा वर्षांपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तेव्हा 176 जणांना अल्झायमर झाला. काटेकोरपणात वरच्या टोकाला असलेल्यांना खालच्या टोकाला असलेल्यांपेक्षा हा धोका 89 टक्क्यांनी कमी निघाला. हा काटेकोरपणा मोजला होता तो त्यांच्या स्वतःच्याच शब्दांवरून. कुणी म्हणेल, कमी गुण हेच आजाराचं आरंभीचं लक्षण असेल. तसं असलं तरी त्यांनी स्वतःत काहीतरी खरंच टिपलं होतं, हे उरतंच. पोकळ उत्तरांतून बारा वर्षांपुढचं काही कळत नाही.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. अल्झायमर किंवा मेंदूच्या पुढच्या भागाचा ऱ्हास सुरू झाला की रुग्ण अनेकदा आजारापूर्वीचा स्वभाव सांगतो, झालेला बदल त्याच्या ध्यानात येत नाही. तिथे जवळच्या माणसाची साक्ष लागतेच. पण ती मर्यादा आजाराची आहे, आणि वार्धक्य म्हणजे आजार नव्हे. जवळच्या माणसाचं दिसणंही अपुरं असतं. सिमीन वझीरे यांनी 2010 मध्ये दाखवलं की चिंतेसारखे आतले गुण स्वतःला जास्त कळतात, तर बुद्धिमत्तेसारखे मानाशी जोडलेले गुण इतरांना. मुलाला दिसते ती आई. रात्री जागणारी, काळजी करणारी बाई त्याला दिसेलच असं नाही.

म्हणून वृद्धांशी काम करणारे डॉक्टर, समुपदेशक आणि संशोधक यांना विनंती आहे. मुलाला-सुनेला जरूर विचारा, पण आधी त्या माणसाला विचारा. अक्षरं मोठी ठेवा, त्याच्या भाषेत विचारा, उत्तराला वेळ द्या. आणि आजाराचा पुरावा हाती नसेल, तर केवळ जन्मसाल पाहून त्याचं उत्तर बाजूला ठेवू नका.