नॅचरल मेकअप: चेहऱ्यावरचा ‘ग्लो’ नेमका येतो कुठून?

मेकअप केलाय, पण केल्यासारखा दिसत नाही. सध्या सोशल मीडियावर याच लूकची चलती आहे. जाड फाउंडेशनचे थर मागे पडले आणि त्यांच्या जागी स्किन टिंट, सिरम फाउंडेशन, टिंटेड सनस्क्रीन, लिप-अँड-चीक टिंट अशी उत्पादने आली. ‘मेकअपही आणि स्किनकेअरही’, ‘१०० टक्के नॅचरल’, ‘आतून येणारा ग्लो’ असे दावे जवळपास प्रत्येक बाटलीवर दिसतात.

यातले किती दावे खरे? उत्पादन ‘नैसर्गिक’ असले म्हणजे ते सुरक्षित असतेच का? आणि विकत घेताना नेमके काय तपासायचे?

सुरुवात कुठून झाली?

मेकअप आणि त्वचेची निगा एकत्र आणण्याची कल्पना तशी जुनी आहे. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ क्रिस्टीन श्रामेक यांनी १९६० च्या दशकात एक क्रीम तयार केले होते. पीलिंगसारख्या उपचारांनंतर लाल झालेली त्वचा झाकायची आणि त्याच वेळी तिला आरामही द्यायचा, हा त्यामागचा हेतू. हेच बीबी क्रीम पुढे दक्षिण कोरियात लोकप्रिय झाले आणि २०१० नंतर जगभर पसरले. आजचे स्किन टिंट आणि सिरम फाउंडेशन हे त्याचेच हलके अवतार म्हणता येतील. त्यांत रंगद्रव्य कमी असते, त्यामुळे डाग पूर्ण झाकले जात नाहीत, पण त्वचेचा पोत दिसत राहतो.

चमक कशी तयार होते?

त्वचा कोरडी असली की तिच्या सर्वांत वरच्या थरातल्या मृत पेशी उचललेल्या, खडबडीत असतात. त्यावर पडलेला प्रकाश चारही दिशांना विखुरतो आणि चेहरा निस्तेज दिसतो. ग्लिसरीन आणि हायलुरॉनिक ॲसिड हे घटक या थरात पाणी धरून ठेवतात. स्क्वालेन किंवा वनस्पती तेले ते पाणी उडून जाऊ देत नाहीत. थर सपाट झाला की प्रकाश नीट परावर्तित होतो आणि चेहरा तजेलदार वाटतो. चमकेचा हा भाग खरोखर त्वचेचा असतो, पण तो काही तासांपुरताच.

दुसरा भाग खनिजाचा. बहुतेक ‘ग्लो’ उत्पादनांत अभ्रक, म्हणजे मायका असतो. त्याच्या बारीक पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. साबणाच्या फुग्यावर जसे रंग दिसतात, तसाच प्रकाशाचा खेळ इथेही होतो. थराची जाडी बदलली की मोतिया, सोनेरी किंवा गुलाबी झाक मिळते. त्यामुळे ट्यूबमधून क्रीम काढून लावताक्षणी जो ‘ग्लो’ दिसतो, त्यात या खनिजाचा वाटा मोठा असतो. त्वचा तेवढ्यात सुधारलेली नसते.

मग त्यातल्या स्किनकेअरचा उपयोग होतो का?

थोडा होतो. ओलावा देणारे घटक लगेच काम करतात. नायसिनमाइडसारख्या घटकाचे तसे नाही. त्यावरच्या अभ्यासांमध्ये साधारण २ ते ५ टक्के प्रमाण आणि ८ ते १२ आठवड्यांचा नियमित वापर आढळतो. टिंटमध्ये नायसिनमाइड ‘आहे’ एवढे पुरेसे नाही, ते किती आहे आणि किती दिवस लावले जाते हे महत्त्वाचे. प्रमाण लिहिलेले नसेल तर त्या घटकासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही.

एसपीएफचा दावा तर आणखी तपासून घ्यायला हवा. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम इतके उत्पादन लावतात. चेहरा आणि मानेसाठी हे प्रमाण म्हणजे दोन बोटांच्या लांबीइतके क्रीम. स्किन टिंट इतके कुणी लावत नाही. दोन-चार थेंबांत काम भागवले जाते, त्यामुळे बाटलीवरच्या आकड्याइतके संरक्षण मिळत नाही. आधी पुरेसे सनस्क्रीन आणि त्यावर टिंट, हाच सुरक्षित क्रम.

इथे रंगाचा एक फायदा मात्र खरा आहे. टिंटला त्वचेसारखा रंग देण्यासाठी लाल, पिवळे आणि काळे आयर्न ऑक्साइड वापरतात. गेरूचा लाल रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच असतो. हे कण सूर्याच्या अतिनील किरणांबरोबरच दृश्य प्रकाशही काही प्रमाणात अडवतात. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर दृश्य प्रकाशानेही काळसरपणा वाढू शकतो. म्हणूनच वांग असलेल्यांना त्वचारोगतज्ज्ञ अनेकदा साध्या सनस्क्रीनऐवजी टिंटेड सनस्क्रीन सुचवतात. शिवाय झिंक ऑक्साइडमुळे चेहऱ्यावर येणारी पांढुरकी झाकही या रंगामुळे कमी होते.

‘नैसर्गिक’ म्हणजे काय?

भारतात सौंदर्यप्रसाधनांवर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम २०२० यांचे नियंत्रण असते. पण अमुक टक्के घटक निसर्गातून आलेले असतील तरच ‘नॅचरल’ म्हणा, अशी काटेकोर व्याख्या त्यात नाही. युरोपातला कॉसमॉस हा खासगी मानक आहे आणि त्याचे प्रमाणपत्र घेणे कंपनीच्या मर्जीवर असते. म्हणजे एका बाटलीत ९० टक्के वनस्पतीजन्य घटक असू शकतात आणि दुसरीत कोरफडीचा नावापुरता अंश. शब्द मात्र दोन्हीकडे एकच.

आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक असेही नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. सुगंधी तेलांनी अनेकांना ॲलर्जी होते. ओठांच्या टिंटमध्ये वापरला जाणारा कारमाइन हा लाल रंग पूर्णपणे नैसर्गिक आहे, पण तो किड्यांपासून मिळतो. शाकाहारी लोकांना हे माहीत असायला हवे.

उलट, काही वेळा प्रयोगशाळेत बनवलेला घटकच अधिक सुरक्षित ठरतो. खाणीतून काढलेल्या आयर्न ऑक्साइडमध्ये शिसे, आर्सेनिक असे जड धातू मिसळलेले असू शकतात. म्हणून मेकअपमध्ये सहसा कृत्रिमरीत्या तयार केलेले, शुद्ध आयर्न ऑक्साइड वापरतात. अभ्रकाचा प्रश्न वेगळा आहे. झारखंडमधल्या कोडरमा, गिरिडीह परिसरातल्या बेकायदा खाणींमध्ये लहान मुले अभ्रक वेचतात, हे अनेकदा उघड झाले आहे. २०१६ मध्ये थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या तपासात, दोन महिन्यांत सात मुलांचा अशा खाणींमध्ये मृत्यू झाल्याचे समोर आले. त्यानंतर २०१७ मध्ये कंपन्या आणि संस्थांनी मिळून ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ सुरू केला. काही ब्रँड कृत्रिम अभ्रकाकडे वळले. लेबलवर ते ‘सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट’ या नावाने लिहिलेले असते.

खरा धोका कुठे आहे?

सर्वांत मोठा धोका ‘हर्बल ग्लो’च्या नावाखाली सुटी विकली जाणारी क्रीम्स. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी गाजली होती. आई आणि दोन मुलींना मूत्रपिंडाचा आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला असता त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला. त्याच सुमारास केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनाही मूत्रपिंडाच्या अशाच आजाराचे रुग्ण आढळले आणि त्यांच्यापैकी बहुतेक जण त्वचा उजळवणारी क्रीम्स वापरत होते.

पारा त्वचेतले मेलानिन तयार होण्याची प्रक्रिया रोखतो. त्यामुळे काही दिवसांतच चेहरा उजळतो आणि क्रीम ‘गुणकारी’ वाटू लागते. दरम्यान तो त्वचेतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. भारतीय नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनांत पारा मुद्दाम वापरता येत नाही. नकळत आलेला पाराही डोळ्यांभोवतीच्या उत्पादनांत ७० पीपीएम आणि इतर उत्पादनांत १ पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही. पण ज्या डबीवर बनवणाऱ्याचे नावच नाही, तिची तपासणी कोण करणार?

विकत घेताना काय पाहाल?

• उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि कधीपर्यंत वापरायचे ती तारीख. आयात उत्पादनावर नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचा पत्ता. यातले काही नसेल तर उत्पादन घेऊ नका.

• घटकांची यादी. १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यानंतर उरलेले कोणत्याही क्रमाने. यादीत ‘फिनॉक्सिइथेनॉल’ शोधा. हे प्रिझर्व्हेटिव्ह १ टक्क्यापर्यंतच वापरता येते. त्यामुळे केशर, चंदन, गुलाब त्याच्याही नंतर लिहिलेले असतील, तर त्यांचे प्रमाण १ टक्का किंवा त्याहून कमीच आहे.

• ‘प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री’ असे लिहिले म्हणून हुरळून जाऊ नका. पाणी असलेल्या क्रीममध्ये जंतू वाढू नयेत म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह लागतेच. घरगुती क्रीम महिनोन्‌महिने बाहेर ठेवणे धोक्याचे आहे.

• ‘सात दिवसांत गोरेपणा’ असा दावा. चेहरा इतक्या झटपट उजळत असेल, तर खूश होण्याआधी संशय घ्या.

लावण्याआधी आणि नंतर

नवे उत्पादन थेट चेहऱ्यावर लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला ७ ते १० दिवस, रोज दोनदा थोडे लावून पाहा. खाज, लाली, पुरळ आले नाही तर वापरा. मुरुमांचा त्रास असेल तर खोबरेल तेलासारखे जड तेल असलेली क्रीम टाळा आणि ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ लिहिलेले उत्पादन निवडा. मेकअप कितीही हलका असला तरी रात्री झोपण्यापूर्वी चेहरा स्वच्छ धुवा.

एखादे क्रीम वापरायला लागल्यावर पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर ते लगेच बंद करा. डबी फेकू नका. ती घेऊन डॉक्टरांकडे जा, म्हणजे गरज पडल्यास त्यातले घटक तपासता येतील. अशा उत्पादनाची तक्रार महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते.