गिटार अ‍ॅम्प्लिफायरच्या जुन्या स्पीकरमधील ध्वनिविकृती

गिटार अ‍ॅम्प्लिफायरच्या जुन्या स्पीकरमधून काही वेळा मूळ स्वरासोबत खरखर, घरघर किंवा फाटका आवाज ऐकू येतो. हा दोष सतत न राहता विशिष्ट स्वर, आवाजाची पातळी किंवा तापमान यांनुसार प्रकट होतो व पुन्हा नाहीसा होतो. अशी विकृती स्पीकरमधून ऐकू येत असली, तरी तिचे मूळ अ‍ॅम्प्लिफायर, जोडतार किंवा लाकडी पेटीतही असू शकते. त्यामुळे दोषाचे स्थान निश्चित करणे ही दुरुस्तीची पहिली पायरी मानली जाते.

रचना
गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सामान्यतः चलकुंडल प्रकारचा स्पीकर असतो. त्याची आधुनिक रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली. चुंबकाच्या अरुंद वर्तुळाकार फटीत तारेचे वेटोळे (व्हॉइस कॉइल) असते. ते कागदी शंकूच्या मानेला चिकटवलेले असते. शंकूची बाहेरची कड धातूच्या सांगाड्यावर बसवलेली असते आणि आतली बाजू स्पायडर नावाचा नालीदार कापडी पडदा मध्यभागी धरून ठेवतो. शंकूवरील धूळटोपी फटीत कचरा जाऊ देत नाही. स्थिर टोकांपासून हलत्या शंकूपर्यंत वीज लवचिक, विणलेल्या तारांमधून जाते.

हेतुपुरस्सर विकृती
रॉक संगीतात विकृत स्वर अनेकदा मुद्दाम निर्माण केला जातो. लिंक रे यांच्या ‘रंबल’ (१९५८) या ध्वनिमुद्रणातील खरखरीत स्वराचा संबंध स्पीकरच्या शंकूला पाडलेल्या छिद्रांशी जोडला जातो. ‘द किंक्स’ या गटाच्या ‘यू रिअली गॉट मी’ (१९६४) या गीतासाठी डेव्ह डेव्हिस यांनी स्पीकरच्या शंकूला ब्लेडने चिरा दिल्या होत्या. अ‍ॅम्प्लिफायरवर अधिक भार दिल्याने येणारी विकृती वादनाच्या जोरानुसार क्रमाने वाढते. दोषामुळे येणारी विकृती मात्र अनेकदा एखाद्याच स्वराला किंवा काही वेळ वाजवल्यानंतरच उद्भवते.

कारणे
* कॉइल फटीच्या कडेला घासणे. सांगाडा वाकणे, स्क्रू असमान आवळणे, स्पायडर सैल पडणे किंवा फटीत धातूचे कण शिरणे यांमुळे असे होते. ही खरखर मंद आवाजातही ऐकू येते.
* कॉइलचे वेढे सुटणे. कॉइल तापल्यावर सुटलेला वेढा फटीला स्पर्श करतो व थंड झाल्यावर दोष नाहीसा होतो.
* शंकूला चीर पडणे किंवा त्याची कड अथवा धूळटोपी सुटणे.
* लवचिक तार आतून तुटणे किंवा तिचा डाख सैल होणे. अशा वेळी आवाज कडकडतो किंवा क्षणभर बंद पडतो.
* स्पीकरबाहेरील कारणे : गंजलेला जॅक, सदोष जोडतार, खराब व्हॉल्व्ह, अ‍ॅम्प्लिफायरमधील सैल डाख, पेटीची सैल फळी किंवा स्क्रू.

निदान
अदलाबदल हा सर्वांत विश्वसनीय उपाय आहे. संशयित अ‍ॅम्प्लिफायरला समान रोध व पुरेशी शक्ती पेलणारा दुसरा, चांगला स्पीकर जोडतात. तसेच संशयित स्पीकर दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर वाजवतात. दोष ज्या भागासोबत जातो, तो भाग सदोष ठरतो. दोष अधूनमधून येणारा असल्याने दोन्ही चाचण्यांत तोच स्वर, तीच पातळी आणि तेवढाच वेळ ठेवावा लागतो. अन्यथा दोष केवळ त्या वेळी प्रकट न झाल्याने चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

यांत्रिक तपासणीत स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरपासून अलग करून शंकू दोन्ही हातांच्या बोटांनी समतोल दाब देत हळुवार आत ढकलतात. घासल्याचा आवाज आल्यास कॉइल मध्यभागी नसल्याचे समजते. एका बाजूने दाबल्यास चांगली कॉइलही घासू शकते. त्यानंतर कमी पातळीवर सुमारे ६० हर्ट्झपासून वर सरकणारा शुद्ध स्वर वाजवल्यास कोणत्या कंपनसंख्येला घरघर होते ते कळते. गिटारची सर्वांत खर्जाची मोकळी तार सुमारे ८२ हर्ट्झला कंप पावते.

विद्युत तपासणीत अलग केलेल्या स्पीकरचा रोध मल्टिमीटरने मोजतात. ८ ओहम स्पीकरचे मापन साधारणपणे ६ ते ७ ओहम येते. शंकू हलवताना आकडा एकदम अनंत झाला, तर तार किंवा डाख तुटक असल्याचे दिसते. मात्र योग्य रोध आल्याने कॉइल घासत नाही, असे सिद्ध होत नाही.

दुरुस्ती
सैल स्क्रू, जॅक व डाख यांची दुरुस्ती सोपी असते. शंकूची लहान चीर पातळ कागद व लवचिक गोंदाने सांधता येते. कॉइल खराब असल्यास मूळ सांगाडा व चुंबक ठेवून शंकू, स्पायडर आणि कॉइल नव्याने बसवतात. यामुळे स्पीकर टिकतो, परंतु त्याचा मूळ नाद बदलू शकतो. म्हणून निदान पूर्ण होण्यापूर्वी जुना शंकू काढला जात नाही.

सुरक्षितता
व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर न जोडता वाजवल्यास त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अशा अ‍ॅम्प्लिफायरमधील कपॅसिटरांत वीजपुरवठा बंद केल्यावरही शेकडो व्होल्टचा प्राणघातक दाब राहू शकतो. त्यामुळे त्याच्या आतील तपासणी प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घेणे आवश्यक असते.